दूध काढणी यंत्राची धुलाई आणि देखभाल: पाच-दहा जनावरांच्या गोठ्यासाठी कामाचा क्रम

घरच्या माणसांवर चालणाऱ्या लहान गोठ्यात बादलीचे दूध काढणी यंत्र आले की पहिले काही महिने सगळे सुरळीत चालते. पुढे एखाद्या गाईच्या कासेला दगडी (कासदाह) होते, संकलन केंद्रावर दूध फाटल्याची तक्रार येते, कप सडांवरून निसटू लागतात आणि दोष यंत्राला दिला जातो. अशा बहुतेक गोठ्यांत यंत्र बिघडलेले नसते. धुण्याचा क्रम उलटा असतो, लायनर (कपाच्या आतली, सडावर बसणारी रबरी नळी) मुदत संपल्यावरही वापरात असतात किंवा निर्वात (पंपाने हवा काढून तयार होणारी ओढ) कमी पडला म्हणून त्याची नियंत्रक झडप हवी तशी पिळलेली असते. पुढचा क्रम एक पंप, एक किंवा दोन बादल्या आणि पाच ते दहा दुभती जनावरे असलेल्या गोठ्यासाठी आहे. पाइपलाइनच्या मोठ्या यंत्रणेला तो जसाच्या तसा लागू होत नाही.

टप्पा 1: यंत्र सुरू करण्याआधीची तयारी

तयारीसाठी लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत, पण त्या गोठ्यातच आणि एकाच फळीवर असाव्यात: पाण्याचे तापमान मोजणारा साधा थर्मामीटर, लायनरच्या मापाचा लांब ब्रश, दुधाच्या नळीचा ब्रश, डेअरीच्या भांड्यांसाठीचा क्षारयुक्त धुण्याचा द्रव किंवा पावडर, डेअरीसाठीचे आम्ल, सोडियम हायपोक्लोराइट, मोजमापाचा प्लास्टिकचा पेला, रबरी हातमोजे आणि एक वही. थर्मामीटर अनेकांना अनावश्यक वाटतो, पण धुलाईतील निम्म्या चुका पाणी अंदाजाने गरम केल्यामुळेच होतात.

घरातील भांडी घासण्याची पावडर किंवा साबणाचा द्रव येथे वापरू नये. त्याचा फेस निर्वाताबरोबर ओढला जाऊन पंपापर्यंत पोहोचतो आणि त्याचा वास दुधाला लागतो. तारेची घासणीही वर्ज्य आहे, कारण तिने पडलेल्या बारीक चरांत दुधाचा अंश बसतो आणि पुढे तो कोणत्याही ब्रशने निघत नाही.

दूध काढण्याच्या लगेच आधी जोडलेले यंत्र निर्जंतुक करावे. बाटलीवर 4 टक्के लिहिलेले हायपोक्लोराइट 10 लिटर स्वच्छ थंड पाण्यात 50 मिलिलिटर मिसळले की दर दहा लाख भागांत 200 भाग क्लोरीनचे द्रावण तयार होते. ते कपांतून बादलीत ओढून घ्यावे, बादली हलवून ओतून द्यावी आणि सगळे पाणी निथळू द्यावे. त्यानंतर टाकीतल्या साध्या पाण्याने पुन्हा विसळल्यास निर्जंतुकीकरण वाया जाते. हायपोक्लोराइटची बाटली उन्हात किंवा झाकण सैल ठेवून राहिली तर तिची ताकद उतरते, म्हणून मोठा कॅन स्वस्त पडतो या कारणाने वर्षभराचा साठा करू नये.

> तपासणी: पंप बंद असताना निर्वात मोजणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आहे का? नसेल तर पुढचे कोणतेही वाचन खरे मानता येणार नाही. गेज आधी बदलावा.

टप्पा 2: पंप आणि निर्वात यांची रोजची पाहणी

पंप सुरू करण्यापूर्वी तेलाच्या भांड्यातील पातळी पाहावी. पंपासाठी कंपनीने सांगितलेलेच तेल घालावे. ट्रॅक्टरचे काढलेले जळके तेल गाळून घालण्याची पद्धत अनेक ठिकाणी दिसते, पण त्यातील काजळी पंपाच्या पात्यांच्या खाचांत बसते, पाती अडकतात आणि निर्वात हळूहळू उतरत जातो. पट्टा बंद यंत्रावर मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहावा. तो साधारण 1 ते 1.5 सेंटिमीटर दबला तर ताण योग्य आहे. पट्ट्यावरची जाळी काढून ठेवलेली असेल तर ती आजच बसवावी, कारण साडीचा पदर, ओढणी किंवा खांद्यावरचे उपरणे पट्ट्यात जायला क्षणही लागत नाही.

पंप आणि बादली यांच्या मध्ये जो लहान सापळा किंवा टाकी असते, ती रोज उघडून रिकामी करावी. तिच्यात दूध दिसले तर बादली भरून वाहिली आहे, कलंडली आहे किंवा एखादा लायनर फाटून दूध पल्सेटरच्या (लायनर तालात मिटवणाऱ्या-उघडणाऱ्या भागाच्या) मार्गाने वर गेले आहे. यांतील नेमके कारण शोधल्याशिवाय दूध काढू नये.

आता पंप दोन-तीन मिनिटे चालू द्यावा आणि गेज वाचावा. बादलीच्या यंत्रासाठी निर्वात साधारण 42 ते 50 किलोपास्कल ठेवतात. गेज पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये असेल तर हे 315 ते 375 येते आणि इंचांत असेल तर सुमारे 12.5 ते 15 येते. म्हशींची सडे घट्ट असल्याने त्यांच्यासाठी काही कंपन्या थोडा जास्त निर्वात सुचवतात. नेमका आकडा आपल्या यंत्राच्या पुस्तिकेतला घ्यावा आणि तो गेजशेजारी भिंतीवर रंगाने लिहून ठेवावा, म्हणजे घरातील कोणीही यंत्र लावले तरी एकाच आकड्याकडे पाहील.

काटा त्या आकड्यापर्यंत येत नसेल तर काय करावे, येथे सर्वांत मोठी चूक होते. माणूस थेट नियंत्रक झडपेकडे जातो आणि ती पिळतो. काटा वर येतो, काम चालू होते, पण गळती तशीच राहते. पुढे कोणी ती गळती दुरुस्त केली की निर्वात गरजेपेक्षा बराच वाढतो आणि त्याचा मार सडांच्या टोकांवर बसतो. म्हणून कारण शोधण्याचा क्रम कधीही बदलू नये:

1. बादलीच्या झाकणाची रबरी कडी, नळ्यांचे सांधे आणि बंद तोट्या यांतून हवा आत शिरते का, ते कान देऊन ऐकावे. सीत्कारासारखा बारीक आवाज आला की जागा सापडते.
2. नियंत्रक झडपेची जाळी धूळ आणि भुश्याने भरली आहे का, ते पाहावे. ती काढून, झटकून, कोरडी करून पुन्हा बसवावी.
3. पट्टा घसरतो आहे का, ते पाहावे.
4. तेल ठरल्याप्रमाणे थेंबाथेंबाने पडते आहे का, ते पाहावे.
5. विजेचा दाब कमी आहे का, ते पाहावे. गावात रात्री सर्वांचे शेतीपंप एकदम सुरू झाले की मोटर मंद चालते, आणि हा दोष यंत्राचा नसतो.
6. हे सगळे ठीक असेल तरच झडपेला हात लावावा, आणि तोही शक्यतो मेकॅनिककडून.

> तपासणी: निर्वात स्थिर झाल्यावर एक कप पाच सेकंद उघडा धरून बंद करावा. काटा खाली जाईल, पण साधारण तीन ते पाच सेकंदांत मूळ जागी परतला पाहिजे. यंत्र नवे असताना तो किती वेळात परतत होता याची नोंद असेल तर पंपाची झीज घरीच ओळखता येते.

पल्सेटरची चाल अंगठ्याने कळते. तीन कप बंद करून चौथ्यात अंगठा घालावा आणि लायनर मिटण्या-उघडण्याचे ठोके घड्याळ लावून मोजावेत. गाईंसाठी मिनिटाला साधारण 60 ठोके ठेवतात. लायनर मिटताना अंगठ्यावर स्पष्ट दाब जाणवला पाहिजे, कारण त्याच क्षणी सडाला विश्रांती मिळते आणि त्यात रक्त फिरते. दाब जाणवत नसेल तर गेजचा आकडा बरोबर असूनही सडे सुजतात.

> इशारा: जनावर यंत्राजवळ आले की थरथरत असेल किंवा पाण्याच्या लोखंडी टाकीला तोंड लावायला कचरत असेल तर आधी अर्थिंग तपासावे. माणसाला, विशेषतः पायांत रबरी बूट असताना, न जाणवणारा विजेचा सौम्य प्रवाह ओल्या जमिनीवर उभ्या गाईला जाणवतो.

टप्पा 3: कप लावणे आणि काढणे

जनावरांचा क्रम ठरलेला असावा. निरोगी पहिलारू आधी, निरोगी मोठ्या गाई नंतर आणि कासदाह झालेली किंवा प्रतिजैविकांचा उपचार चालू असलेली जनावरे सर्वांत शेवटी घ्यावीत. शेवटच्या गटाचे दूध वेगळ्या भांड्यात जाते आणि औषधासाठी दूध न देण्याची जी मुदत सांगितलेली असते, ती संपेपर्यंत ते डेअरीला द्यायचे नसते.

प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या तळाच्या कपात काढाव्यात. गाठी, पाणचट दूध किंवा रक्ताची छटा दिसली तर त्या गाईला रांगेत मागे न्यावे. मग फक्त सडे धुवावीत. पूर्ण कास धुतली की मळलेले पाणी ओघळून कपाच्या तोंडाशी येते आणि दुधाबरोबर आत ओढले जाते. धुतलेली सडे प्रत्येक गाईच्या वेगळ्या, स्वच्छ कापडाने कोरडी पुसावीत.

हाताने धारा काढताना सडांना तेल किंवा लोणी लावण्याची सवय असते. यंत्राच्या बाबतीत ती पूर्णपणे सोडावी लागते, कारण स्निग्धतेने कप घसरतात आणि लायनरचे रबर फुगून लवकर खराब होते.

सडाला पहिला स्पर्श झाल्यापासून 60 ते 90 सेकंदांत कप लागले पाहिजेत. पान्हा सोडवणाऱ्या ऑक्सिटोसिनचा परिणाम रक्तात पाच-सात मिनिटेच टिकतो, म्हणून चार गाई ओळीने धुऊन ठेवायच्या आणि मग एकेकीला यंत्र लावायचे, ही घाईची पद्धत दूध मागे ठेवते. म्हैस पान्हवायला जास्त वेळ घेते. तिच्या बाबतीत घड्याळापेक्षा सडांकडे पाहावे आणि ती भरून ताठ झाल्यावरच कप लावावेत. रिकाम्या सडांवर यंत्र ओढत राहिले तर म्हशीला पुढच्या वेळी यंत्राजवळ उभे करणेही कठीण जाते.

दुधाची धार पारदर्शक नळीत तुटक दिसू लागली की आधी निर्वाताची तोटी बंद करावी, दोन-तीन सेकंद थांबावे आणि चारही कप एकदम खाली घ्यावेत. शेवटचे अर्धा-पाव लिटर मिळावे म्हणून क्लॉवर (चारही कपांचे दूध जिथे एकत्र येते त्या भागावर) हात ठेवून दाबणे किंवा तोटी चालू असतानाच कप हिसकणे, या दोन्ही गोष्टी कासदाहाला आमंत्रण देतात. निसटत्या कपातून हवा जोरात आत शिरली की दुधाचे तुषार दुसऱ्या सडांच्या टोकांवर आदळतात आणि जंतू थेट आत जातात.

> तपासणी: कप काढल्यावर लगेच सडांचा रंग आणि टोक पाहावे. निळसर सड, मुळाशी उठलेले वळ किंवा टोकाला कडक पांढरी कडी दिसली तर निर्वात जास्त आहे, पल्सेटर नीट चालत नाही किंवा कप गरजेपेक्षा जास्त वेळ लावून ठेवले आहेत.

सडे आयोडीनच्या द्रावणात बुडवून गाईपुढे चारा टाकावा, म्हणजे ती साधारण अर्धा तास उभी राहते. सडाचे छिद्र पूर्ण मिटायला तेवढा वेळ लागतो.

टप्पा 4: दूध काढल्यानंतरची धुलाई

धुलाईची वेळ संकलन केंद्राच्या वेळेला अडते, हे खरे आहे. सकाळी घाईत कॅन गाडीला अडकवून माणूस निघतो आणि यंत्र तसेच राहते. तासाभरात दूध वाळते आणि मग त्याला साध्या पाण्याने काढता येत नाही. दोन माणसे असतील तर एकाने दूध घालायला जावे आणि दुसऱ्याने यंत्र धुवावे. एकच माणूस असेल तर निघण्यापूर्वी पुढची पहिली पायरी तरी पूर्ण करावी, त्याला पाच मिनिटे पुरतात.

पायरी 4.1, कोमट पाणी. 38 ते 45 अंश तापमानाचे 10 लिटर पाणी कपांतून ओढून घ्यावे आणि बाहेर येणारे पाणी दुधाळ दिसेनासे होईपर्यंत पुन्हा ओढत राहावे. हे तापमान मुद्दाम ठरवलेले आहे. थंड पाण्यात दुधातील फॅट थिजून रबराला चिकटते आणि 60 अंशांच्या पुढे प्रथिने शिजून पृष्ठभागावर बसतात. पहिल्याच पाण्याला उकळी आणणे म्हणजे दुधाचा थर स्वतःच्या हाताने पक्का करणे होय, आणि जास्त स्वच्छतेच्या चांगल्या हेतूने हीच चूक सर्वांत जास्त घरांत होते.

पायरी 4.2, गरम पाणी आणि क्षारयुक्त द्रव. पाणी सुरुवातीला 70 अंशांच्या आसपास असावे, द्रव पाकिटावरील प्रमाणात मोजून घालावा आणि आठ ते दहा मिनिटे धुलाई चालावी. पाणी ओढताना कप अधूनमधून पाण्याबाहेर उचलावेत, म्हणजे हवेचे गुठळे आत जाऊन पाण्याला जोर मिळतो. बादली दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू देऊ नये, अन्यथा पाणी पंपात जाईल. त्यानंतर लायनर, नळी, झाकण, झाकणाची कडी आणि क्लॉची वाटी ब्रशने घासावी. धुलाई संपताना पाणी 45 अंशांच्या खाली गेले असेल तर निघालेली फॅट पुन्हा बसते. थंडीच्या दिवसांत म्हणूनच पाणी थोडे जास्त गरम घ्यावे लागते. सोलर हीटरचे पाणी संध्याकाळी पुरेसे तापलेले असते, पहाटे मात्र थर्मामीटर लावूनच ठरवावे.

पायरी 4.3, साधे पाणी. द्रवाचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने विसळावे.

पायरी 4.4, आम्लाची धुलाई. ही रोज लागत नाही. पाणी मऊ असेल तर आठवड्यातून एकदा पुरते. बोअरचे पाणी जड असेल, साबणाचा फेस होत नसेल आणि पाणी तापवण्याच्या भांड्यात पांढरा थर धरत असेल, तर आठवड्यातून दोन-तीन वेळा करावी. झाकणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर खरखरीत, पिवळसर थर लागला तर तो दुधातील आणि पाण्यातील क्षारांचा आहे. तो क्षारयुक्त द्रवाने कितीही घासला तरी निघत नाही, त्याला आम्लच लागते. आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात ओतू नये.

> इशारा: आम्ल आणि हायपोक्लोराइट एकाच भांड्यात, एकाच मोजपात्रात किंवा एकापाठोपाठ मध्ये न विसळता कधीही वापरू नये. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद गोठ्यात तो फुप्फुसांना गंभीर इजा करतो. काही क्षारयुक्त धुलाई द्रवांतही क्लोरीन असते, म्हणून त्यांच्यानंतर साध्या पाण्याने विसळल्याशिवाय आम्ल घेऊ नये. दोन्हींचे कॅन वेगळ्या कप्प्यांत, मुलांच्या हाताबाहेर आणि मूळ लेबलासह ठेवावेत. शीतपेयाच्या बाटलीत ओतून ठेवू नयेत.

पायरी 4.5, निथळणे. कप तोंडे खाली करून टांगावेत, बादली उपडी आणि झाकण वेगळे ठेवावे. जागा सावलीची, हवेशीर आणि शेणाच्या शिंतोड्यांपासून दूर असावी. उन्हात वाळवल्याने जंतू मरतात अशा समजुतीने लायनर उन्हात टाकले जातात, पण त्यामुळे रबर कडक होऊन त्याला लवकर भेगा पडतात.

टप्पा 5: लायनर आणि आठवड्याची कामे

माझ्या मते लहान गोठ्यात सर्वांत जास्त दुर्लक्ष लायनरकडे होते, कारण तो एका दिवसात तुटत नाही. त्याची लवचिकता कमी होते, आतला पृष्ठभाग खडबडीत होतो, त्या खाचांत जंतू राहतात आणि बाहेरून मात्र तो चांगला दिसतो. म्हणून तो दिसण्यावरून न बदलता हिशोबाने बदलावा. रबरी लायनरचे आयुष्य साधारण 2500 वेळा दूध काढण्याचे धरतात. एका बादलीवर दहा गाई दोन वेळा घेतल्या तर दिवसाला 20 वापर होतात आणि 125 दिवसांत, म्हणजे सुमारे चार महिन्यांत मुदत संपते. गाई सहाच असतील तर दिवसाला 12 वापर होतात आणि हिशोब 208 दिवसांचा येतो, पण वापर कमी असला तरी रबर जुने होतेच, त्यामुळे सहा महिन्यांच्या पुढे ते नेऊ नये. सिलिकॉनचे लायनर जास्त टिकतात, त्यांची मुदत पाकिटावरून घ्यावी.

चारही लायनर एकाच दिवशी बदलावेत. एक फाटला म्हणून एकच नवा घातला तर नव्या-जुन्याचा ताण वेगळा राहतो आणि चार सडांतून दूध सारखे निघत नाही. बसवताना लायनरवरची खूण आणि खालच्या नळीवरची खूण एका रेषेत ठेवावी. लायनर पिळलेला बसला तर तो नीट मिटत नाही.

आठवड्यातून एकदा यंत्र पूर्ण सोडवून पाहावे. क्लॉमध्ये हवा आत येण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते चिखलाने किंवा दुधाने बुजले तर क्लॉमध्ये दूध साचते आणि कप घसरू लागतात. ते साफ करण्यासाठी योग्य मापाची तार वापरावी. दाभणाने छिद्र मोठे झाले तर क्लॉची ती वाटीच बदलावी लागते. पल्सेटरची हवेची जाळी झटकावी, पण पल्सेटर पाण्यात बुडवू नये. लहान नळ्या वाकवून भेगा पाहाव्यात, विशेषतः क्लॉला जोडलेल्या टोकाशी, कारण त्या तेथेच आधी फाटतात.

दूध किंवा पाणी पंपात गेले तर

पंप ताबडतोब बंद करावा, पण तसाच ठेवून मेकॅनिकची आठवडाभर वाट पाहू नये. दूध पात्यांच्या खाचांत सुकले की पंप जाम होतो. सापळा आणि निर्वाताची नळी रिकामी करून धुवावी. पंप आतून कसा आणि कशाने धुवायचा हे यंत्राच्या पुस्तिकेत दिलेले असते, त्याप्रमाणे करून ताजे तेल द्यावे आणि नळ्यांना काहीही न जोडता पंप थोडा वेळ मोकळा चालवावा.

वहीतील नोंदी

वहीत लायनर बदलल्याची तारीख, तेल भरल्याची तारीख, रोजचा गेजचा आकडा आणि कोणत्या गाईच्या कोणत्या सडात गाठी दिसल्या एवढेच लिहावे. एकाच गाईच्या एका सडात वारंवार त्रास दिसला तर तो बहुधा त्या गाईचा असतो आणि पशुवैद्यकाला दाखवावा लागतो. तीन-चार गाईंना एकाच आठवड्यात त्रास सुरू झाला तर आधी पल्सेटर, निर्वात आणि लायनर तपासावेत. वर्षातून एकदा कंपनीच्या मेकॅनिकला बोलावावे, आणि तो निघण्यापूर्वी त्याने मोजलेला निर्वात आणि पल्सेटरचे ठोके त्याच्याकडूनच वहीत लिहून घ्यावेत.